कुलूप आहे, पण कोठे?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, जीवशास्त्राच्या परीक्षेतील एक प्रश्न तुमच्या चांगल्या परिचयाचा असेल : ‘पुढील विकरांची नावे व कार्ये लिहा.’ आपण वहीत एक उभी रेघ मारतो. डावीकडे नाव, उजवीकडे कार्य. पेप्सिन – प्रथिनांचे पचन. लायपेज – मेदाचे पचन. दोन रकाने भरले, की गुण मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

मला असे म्हणावयाचे आहे, की हे दोन रकाने पुरेसे नाहीत. तिसरा रकाना हवा आणि त्याचे शीर्षक हवे ‘कोठे?’. त्याला जोडून चौथाही हवा : ‘हे कसे कळले?’. हे दोन रकाने नसतील, तर पहिल्या दोहोंतील माहिती पाठ होते. समजत मात्र नाही.

उदाहरणासाठी जठराचा किंवा लाळेचा आधार घेता आला असता. पण मी मुद्दाम एक वेगळे उदाहरण घेणार आहे. ते म्हणजे मानवी शुक्रपेशी आणि तिच्यातील विकर-निरोधक प्रथिने. वेगळे अशासाठी, की ‘कोठे?’ हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर मिळविणे किती जिकिरीचे आहे, हे या एका पेशीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते. शिवाय, पुस्तकातील जो धडा वर्गात भरभर उरकला जातो किंवा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला जातो, त्याच धड्यातील हे उदाहरण आहे. त्याबद्दलही शेवटी दोन शब्द बोलायचे आहेत.

विकर आणि त्याला आवरणारे प्रथिन

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. विकर म्हणजे एन्झाइम. शरीरातील रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगाने घडवून आणणारी ही प्रथिने होत. त्यांपैकी काही विकरे दुसऱ्या प्रथिनांचे तुकडे करतात. अशा विकराला धारदार सुरी म्हणता येईल. सुरी कामाची खरीच, पण ती उघडी पडून राहिली तर हात कापल्याशिवाय राहणार नाही. म्हणून सुरीला म्यान लागते. विकर-निरोधक प्रथिन हे असे म्यान होय. ते विकराच्या नेमक्या कापणाऱ्या भागात जाऊन बसते आणि त्याचे काम थांबविते.

अशी प्रथिने काही दुर्मिळ नाहीत. सोयाबीन कच्चे खाऊ नये, शिजवून खावे, असे सांगतात. त्याचे एक कारण म्हणजे कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडविणारे प्रथिन असते. उष्णतेने ते निकामी होते. अमेरिकेतील मोझेस कुनिट्झ या शास्त्रज्ञाने १९४५च्या सुमारास ते शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळविले. आपल्या स्वादुपिंडातही असे एक प्रथिन आहे. स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार करते, पण ते निष्क्रिय स्वरूपात साठवून ठेवते आणि आतड्यात पोहोचल्यावरच ते जागे होते. चुकून थोडे ट्रिप्सिन स्वादुपिंडातच जागे झाले, तर त्याला तेथल्या तेथे पकडण्यासाठी हे निरोधक प्रथिन पहारा देत असते. लुई काझाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये ते शोधले. या पहारेकऱ्याच्या जनुकात दोष असेल, तर स्वादुपिंडाचा जुनाट दाह होण्याचा संभव वाढतो, असे २००० साली दिसून आले. भारतातील अशा रुग्णांमध्येही हाच दोष बऱ्याच प्रमाणात आढळतो, हे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले.

आता पाहा. या प्रथिनाचे कार्य काय? ‘ट्रिप्सिनला अडविणे.’ उत्तर बरोबर आहे. पण हे प्रथिन स्वादुपिंडाऐवजी केवळ गुडघ्यात असते, तर त्याचा काय उपयोग झाला असता? दाराला लावलेले कुलूप घर राखते, तेच कुलूप खुंटीवर टांगलेले असेल तर काही राखत नाही. कुलूप तेच, किल्ली तीच. फरक फक्त जागेचा.

ही नुसती कल्पना नव्हे. आपल्या यकृतात अल्फा-१-अँटिट्रिप्सिन नावाचे एक निरोधक प्रथिन तयार होते. ते रक्तातून फुप्फुसांपर्यंत जाते आणि तेथील नाजूक ऊतकांना पांढऱ्या पेशींच्या एका विकरापासून वाचविते. स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन यांना १९६३ मध्ये असे काही लोक आढळले, की ज्यांच्या रक्तात हे प्रथिन फारच थोडे होते. त्यांतील काहींना फुप्फुसांचा विकार होता. पुढे कळले ते असे, की अशा बहुतेक रुग्णांचे यकृत ते प्रथिन तयार करते. पण त्याची घडी बिघडल्यामुळे ते यकृताच्या पेशींतच अडकून साठत जाते. परिणामी फुप्फुसे उघडी पडतात आणि यकृतालाही इजा पोहोचते. प्रथिन ‘आहे’, पण नको तेथे आहे. केवळ ‘आहे की नाही’ एवढेच विचारणाऱ्याला हा रोग कधीही समजणार नाही.

प्रवासाला निघालेली पेशी

आता शुक्रपेशीकडे वळू. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक याने १६७७ साली स्वतः घासलेल्या भिंगातून ती पाहिली. योहान हाम नावाच्या एका विद्यार्थ्याने हा विषय त्याच्या नजरेस आणला होता. लेव्हेनहूकने हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. मात्र विद्वानांना हा विषय किळसवाणा वाटला तर पत्र खासगी समजावे, असेही त्याने लिहिले. संकोच त्यालाही वाटला. पण संकोच वाटला म्हणून त्याने भिंग खाली ठेवले नाही.

शुक्रपेशीचे डोके सुमारे ५ मायक्रॉन लांब आणि ३ मायक्रॉन रुंद असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा एक हजारावा भाग. शेपटीसह तिची लांबी ५० ते ६० मायक्रॉन भरते. म्हणजे सुमारे अठरा शुक्रपेशी एकीपुढे एक ठेवल्या, तर एक मिलिमीटर होईल. एवढ्याशा डोक्यात केंद्रक घट्ट बांधलेले असते आणि त्याच्या पुढच्या बाजूवर टोपीसारखी एक पिशवी चढविलेली असते. हिला अ‍ॅक्रोसोम म्हणतात. या टोपीत विकरे भरलेली असतात. त्यांतील अ‍ॅक्रोसिन हे ट्रिप्सिनच्याच कुळातील, प्रथिने कापणारे विकर आहे. अंडपेशीभोवती एक पारदर्शक पण चिवट वेष्टन असते. तेथे पोहोचताना टोपी फुटावी आणि आतील विकरे कामास लागावीत, अशी ही योजना आहे.

या पेशीची एक अडचण लक्षात घ्या. शरीरातील इतर पेशींना एखादे प्रथिन कमी पडले, तर त्या ते नव्याने तयार करतात. शुक्रपेशीत ही यंत्रणा जवळजवळ बंद झालेली असते. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने जे काही बरोबर घेतले असेल, त्यावरच त्याला भागवावे लागते. वाटेत दुकान नाही. म्हणून प्रत्येक वस्तू निघण्यापूर्वीच आपापल्या जागी ठेवलेली असली पाहिजे. विकर टोपीत, आणि त्याचे म्यान त्याच्या शेजारी. अ‍ॅक्रोसिन प्रोअ‍ॅक्रोसिन या निष्क्रिय रूपात साठविलेले असते हे खरे, पण त्यातील थोडे जरी अवेळी जागे झाले, तर पेशी स्वतःच्याच टोपीला आतून कुरतडू लागेल.

म्हणून शास्त्रज्ञांनी विचारले : शुक्रपेशीत निरोधक प्रथिने आहेत का? आणि असतील, तर कोठे आहेत? टोपीच्या आत? पेशीच्या पृष्ठभागावर? की पेशी ज्या द्रवात पोहते त्या वीर्यद्रवात?

चटणीवरून डबा ओळखता येत नाही

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने लवकर मिळाले. १९७०च्या दशकात म्युनिक येथे हान्स फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी वीर्यद्रवातून अशी निरोधक प्रथिने वेगळी केली. त्यांपैकी एक प्रामुख्याने ट्रिप्सिन व अ‍ॅक्रोसिन यांना अडविते.

परंतु प्रथिन वेगळे करण्याची नेहमीची रीत म्हणजे पेशी फोडणे, सर्व अर्क एकत्र करणे आणि त्यातून हवे ते गाळून काढणे. या रीतीने ‘काय आहे’ ते उत्तम कळते. ‘कोठे होते’ ते मात्र त्याच क्षणी पुसले जाते. पाट्यावर वाटलेली चटणी चाखून तुम्ही सांगू शकाल, की तिच्यात खोबरे आहे, लसूण आहे, मीठ आहे. पण खोबरे फडताळातील कोणत्या डब्यात होते, हे चटणी सांगू शकत नाही. त्यासाठी वाटण्यापूर्वी फडताळ उघडून पाहावे लागते.

पेशीचे फडताळ उघडून पाहण्याची युक्ती हार्वर्ड येथील आल्बर्ट कून्स यांनी १९४१च्या सुमारास काढली. आपल्या शरीरात परके प्रथिन शिरले, की त्याला नेमके ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. कून्स यांनी अशा प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला. समजा, मानवी निरोधक प्रथिन सशाला टोचले. सशाच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती प्रतिपिंडे काचपट्टीवर पसरलेल्या शुक्रपेशींवर टाकावयाची. जेथे ते प्रथिन असेल तेथे ती चिकटून बसतील. मग पट्टी धुवावयाची आणि सशाच्या प्रतिपिंडाला ओळखणारे, रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड टाकावयाचे. खास सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की प्रथिनाची जागा हिरवी वा तांबडी चमकते. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची पद्धत शोधली आणि हे काम अधिक नेमके झाले.

तरीही एक मर्यादा उरते. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारणपणे ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळच्या दोन वस्तू निरनिराळ्या दिसत नाहीत. टोपीचे बाहेरचे आवरण, आतले आवरण आणि त्यांमधील सामान यांतील फरक ओळखणे त्यामुळे अवघड जाते. म्हणून १९७१ पासून आणखी एक युक्ती वापरात आली. प्रतिपिंडाला रंगाऐवजी सोन्याचा अतिसूक्ष्म कण जोडावयाचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे. हे कण अनेकदा मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतके असतात. छायाचित्रात ते काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि जेथे ठिपका तेथे, किंवा त्याच्या अगदी लगत, ते प्रथिन.

चमकले म्हणजे आहेच का?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. चमक दिसली म्हणजे पत्ता सापडला, असे समजण्याची घाई करू नका. रंगीत छायाचित्र फार लवकर पटते, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी अधिक कडक हवी.

पहिली शंका. दुसरे, रंगाचे प्रतिपिंड आपण होऊनच पेशीला चिकटले नसेल कशावरून? म्हणून एका पट्टीवर पहिले प्रतिपिंड मुळीच टाकावयाचे नाही. तीही चमकली, तर त्या चमकेला अर्थ नाही.

दुसरी शंका. प्रतिपिंड तिसऱ्याच एखाद्या प्रथिनाला ओळखत नसेल कशावरून? म्हणून त्याच्यात आधीच शुद्ध निरोधक प्रथिन मिसळावयाचे. त्याचे सर्व हात गुंतून पडतात. आता पेशीवरील चमक नाहीशी झाली पाहिजे. प्राण्यांवरील प्रयोगात याहून चांगली कसोटी असते. ज्याच्यातून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे अशा उंदराची पेशी चमकता कामा नये.

तिसरी शंका शुक्रपेशीच्या बाबतीत विशेष महत्त्वाची. निरोधक प्रथिने वीर्यद्रवात भरपूर असतात. पाण्यातून बाहेर काढलेला हात ओला असतो, म्हणून पाणी हातातून निघाले असे आपण म्हणत नाही. तेव्हा पेशी पुनःपुन्हा धुवूनही प्रथिन राहते का, हे पाहिले पाहिजे.

चौथी शंका. पेशी अखंड होती, की फुटकी? टोपी शाबूत असेल, तर प्रतिपिंड आत शिरू शकत नाही. म्हणजे प्रथिन आत असूनही चमक दिसणार नाही. यासाठी पेशीचे आवरण मुद्दाम सच्छिद्र करून तुलना करावी लागते. उलट टोपी आधीच फुटलेली असेल, तर बाहेरचे प्रथिन आत शिरलेले असू शकते.

या चौथ्या शंकेला किती महत्त्व आहे, हे व्हिएन्ना येथील मार्गारेटे गायगर यांच्या गटाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामावरून दिसते. प्रोटीन-सी-निरोधक या नावाचे एक प्रथिन वीर्यद्रवात मोठ्या प्रमाणात असते आणि ते अ‍ॅक्रोसिनला अडविते. सोन्याचे कण वापरून मानवी शुक्रपेशी पाहिल्या, तेव्हा चांगल्या आकाराच्या पेशींवर हे प्रथिन आढळले नाही. ते आढळले सदोष पेशींवर, त्यांच्या फाटलेल्या टोपीच्या आवरणाशी. यावरून संशोधकांनी असे सुचविले, की अवेळी फुटलेल्या टोपीतून सांडणारे अ‍ॅक्रोसिन टिपून घ्यावे आणि भोवतालच्या निरोगी पेशींना इजा होऊ देऊ नये, हे या प्रथिनाचे काम असावे.

विचार करून पाहा. याच पेशी वाटून अर्क काढला असता, तर वहीत लिहिले गेले असते : ‘शुक्रपेशीत प्रोटीन-सी-निरोधक आहे.’ वाक्य खोटे नाही. पण त्यातून मनात जे चित्र उभे राहते ते मात्र खोटे आहे. ते प्रथिन पेशीने बरोबर घेतलेली शिदोरी ठरले असते. जागा पाहिल्यावर ते अपघाताच्या ठिकाणी धावून आलेल्या मदतनिसासारखे दिसू लागले. नाव तेच, पण कामाचा अर्थ जागेने बदलला.

जागेबरोबर वेळही, आणि प्राणीही

मग टोपीतील खरे म्यान कोणते? म्युनिकच्या गटाने ज्यावर काम केले होते, ते अ‍ॅक्रोसिनला अडविणारे प्रथिन आज स्पिंक-२ या नावाने ओळखले जाते. ते टोपीत असते. फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दोन भावांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांनाही मूल होत नव्हते, कारण वीर्यात शुक्रपेशीच नव्हत्या. दोघांच्याही स्पिंक-२च्या जनुकात दोष सापडला. मग हे जनुक नसलेल्या उंदरांत पाहिले, तेव्हा शुक्रपेशी तयार होत असतानाच बिघाड होत असल्याचे आढळले. टोपी आकारालाच येत नव्हती आणि वाढ अर्ध्यावर थांबत होती. म्हणजे म्यानाची गरज प्रवासातच नव्हे, तर सुरी घडविली जाते त्या कारखान्यातही असते. ‘कोठे?’ या प्रश्नाला असा ‘केव्हा?’ हा जोडप्रश्न येऊन मिळतो.

आणखी एक सावधगिरी. उंदरातील पत्ता माणसाला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. प्रोटीन-सी-निरोधक नसलेले उंदीर २००० साली तयार करण्यात आले. त्यांतील नर वंध्य निघाले, माद्यांना मात्र पिले झाली. पण उंदरात हे प्रथिन मुख्यतः जननेंद्रियांतच असते, तर माणसात ते यकृतात तयार होऊन रक्तातही असते. तेव्हा माणसातील त्याच्या कामांची यादी उंदरावरून पुरी करता येणार नाही. अ‍ॅक्रोसिनचेही तसेच. अंडपेशीचे वेष्टन भेदण्यास ते आवश्यकच आहे, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी अ‍ॅक्रोसिन नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांना पिले झाली! मग अ‍ॅक्रोसिन बिनकामाचे ठरले का? नाही. २०२० मध्ये हॅम्स्टर या प्राण्यात हाच प्रयोग केला, तेव्हा अ‍ॅक्रोसिन नसलेल्या शुक्रपेशी वेष्टनाशीच अडून राहिल्या. प्रयोग दोन्ही खरे, प्राणी वेगळे. म्हणून चौथ्या रकान्यात ‘कोणत्या प्राण्यात पाहिले?’ हेही लिहावे लागते.

पत्त्याचा उपयोग

‘हे सारे ठीक, पण याचा उपयोग काय?’ असे कोणी विचारील. उपयोगाचे एक उदाहरण भारतातीलच आहे. एपिन नावाचे एक निरोधक प्रथिन शुक्रपेशीच्या पृष्ठभागावर असते. त्याचा एक भाग सोयाबीनच्या त्या प्रथिनाप्रमाणेच कुनिट्झ यांच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील मायकेल ओरँड यांच्या गटाला असे वाटले, की जे पृष्ठभागावर आहे त्याच्यापर्यंत शरीरातील प्रतिपिंडे पोहोचू शकतील. मग त्याचा उपयोग पुरुषांसाठीच्या संततिनियमनाकरिता का करू नये? बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने वानरांवर हा प्रयोग झाला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एपिन टोचलेल्या ९ नरांपैकी ७ नरांत भरपूर प्रतिपिंडे तयार झाली आणि त्या सातांपैकी एकालाही त्या काळात पिले झाली नाहीत. टोचणे थांबविल्यावर सातांपैकी ५ नरांची प्रजननक्षमता परत आली.

यातून लगेच औषध निघाले असे नव्हे. वानरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो. पण मुद्दा पाहा. स्पिंक-२ टोपीच्या आत बंद असते. शाबूत टोपीतून प्रतिपिंड तेथे पोहोचणार नाही. एपिन बाहेर असते म्हणूनच ही कल्पना सुचली. दोन्ही विकर-निरोधकच. ‘कार्य’ या रकान्यात दोहोंपुढे जवळपास सारखेच शब्द येतील. फरक दिसेल तो तिसऱ्या रकान्यात.

वर्गात हे शक्य आहे का?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमचा आक्षेप मला ऐकू येतो आहे. अभ्यासक्रम आधीच जड आहे. शाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कोठून आणावा? आक्षेप रास्त आहे. पण मी यंत्र मागत नाही, सवय मागतो आहे. आणि त्या सवयीसाठी स्वयंपाकघरातील साहित्य पुरते.

एक पेला पाण्यात सपाट चमचाभर मक्याचे पांढरे पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, आणि थोडे चायना ग्रास घालून चांगले उकळा आणि बशीत ओता. थंड झाल्यावर त्याचा थर थिजेल. तीन-चार दिवस मोड आणलेले मक्याचे दाणे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली उभे चिरा. काही अर्धे दाणे तसेच, आणि काही चांगले उकळून गार केल्यावर, कापलेली बाजू खाली करून थरावर ठेवा. बशी झाका. दुसऱ्या दिवशी दाणे काढून थरावर पातळ आयोडीन ओता. थर निळा-काळा होईल, पण कच्च्या दाण्यांखाली फिकट डाग राहतील. तेथील स्टार्च दाण्यातील विकराने पचविले. उकळलेल्या दाण्यांखाली असा डाग पडता कामा नये. पडला, तर प्रयोगात कोठे तरी चूक आहे आणि ती शोधली पाहिजे.

या प्रयोगात ‘काय’ आहे, ‘कोठे’ आहे आणि ‘कशावरून’ही आहे. उकळलेला दाणा म्हणजे आपली उलटतपासणी. व्हिएन्नातील संशोधकांनी सोन्याचे कण मोजताना जी शिस्त पाळली, तीच ही शिस्त; साधन तेवढे वेगळे.

आता तो राहिलेला मुद्दा. प्रजननाचा धडा टाळला, तर काय बिघडते? पुष्कळ बिघडते. मूल होत नसलेल्या घरात बोल लावला जातो तो बहुधा सुनेला. मात्र अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. ग्रनोबलच्या त्या दोन भावांच्या बाबतीत दोष एका प्रथिनाच्या जनुकात होता. त्यांच्या पत्नींची कितीही तपासणी केली असती, तरी तो सापडला नसता. चुकीच्या ठिकाणी शोधणे ही प्रयोगशाळेतील चूक आहे, तशी घरातीलही आहे, आणि घरात तिची किंमत एका माणसाला आयुष्यभर मोजावी लागते. ज्या मुलामुलींनी वर्गात हा धडा सरळ, न लाजता, आकृती काढून वाचला असेल, त्यांना पुढे ‘आधी दोघांचीही तपासणी करू’ असे म्हणणे जड जाणार नाही. मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन-संशोधनाला वाहिलेली संस्था आहे. तेथे काम करणारे शास्त्रज्ञही एके काळी शाळेच्या बाकावर बसूनच हा धडा शिकले असतील. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे जाऊ नये असे थोडेच आहे?

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या महिन्यात एवढे करा. तुमच्या पाठ्यपुस्तकातील दहा विकरे किंवा प्रथिने निवडा आणि वहीत दोन नव्हे, तर चार रकाने आखा. नाव, कार्य, कोठे, कसे कळले. पहिले दोन अर्ध्या तासात भरतील. तिसऱ्यासाठी पुस्तकाची पाने उलटावी लागतील. चौथा बहुधा रिकामा राहील. तो घेऊन तुमच्या शिक्षकांकडे जा, वाचनालयात जा, आणि एकेक घर भरत चला. जे घर शेवटपर्यंत रिकामे राहील, त्यावर खूण करून ठेवा. तुमचा पुढचा प्रश्न तोच आहे.